साठीपुढचा टक्का

ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. उलट कुणी तोंडावर गोड बोललं, की याला आपल्याकडून काय हवंय, अशी त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. दुकानातून आणलेली साखर घरी येऊन पुन्हा तोलणारा हा माणूस. बायकोनं "भाजी कशी झालीये?" विचारलं, तर "का? काय घातलंयस?" म्हणणारा. बायको पाहुण्यांना सांगायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी दुसऱ्याच कुणाच्या जागी येऊन उभी राहिलेय." पाहुणे हसायचे. शंकासुर मात्र पाहुणे जरा जास्तच का हसले, याचा विचार करत बसायचे.

अशा माणसाला नोकरीही अगदी मापाची मिळाली होती. एका सर्वेक्षण कंपनीत ते फेरतपासणीचं काम करत. कंपनीची माणसं घरोघरी जाऊन लोकांना प्रश्न विचारायची आणि उत्तरं छापील अर्जावर भरून आणायची. त्यातली काही खरोखर घरोघरी जायची, काही चहाच्या टपरीवर बसून मनानंच अर्ज भरायची. ही दुसऱ्या जातीची माणसं हुडकून काढणं हे शंकासुरांचं काम. अर्ज हातात घेतला की त्यांना टपरीचा वास यायचा. मग ते त्या घरी फोन लावायचे, निवडक प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि उत्तरं जुळली नाहीत की त्या कामगाराचं पितळ उघडं पडायचं. या कामात त्यांची स्वतःची चूक कधी निघाली नव्हती. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नसे, ते स्वतःच सांगायचे.

या खेपेचं सर्वेक्षण एका वर्तमानपत्रानं करून घेतलं होतं. आजोबांची पिढी, मुलांची पिढी, नातवंडांची पिढी. कोण किती झोपतं, किती टीव्ही बघतं, लग्नाबद्दल कुणाला काय वाटतं, असे पानंच्या पानं प्रश्न. शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता. तुम्ही स्वतःला काय समजता? त्याखाली चौकटी: समलैंगिक, उभयलैंगिक, ट्रान्सजेंडर, यांहून वेगळं काही, यांपैकी काहीच नाही. वर्तमानपत्राला खरा रस होता तो याच पानात. बाकीची पानं नुसती भरताड.

कंपनीच्या मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी आकडे भिंतीवरच्या पडद्यावर लावले तेव्हा एक सुबक उतरता जिना दिसला. पंचविशीच्या आतले शंभरात अठरा जण स्वतःला या चौकटींत बसवत होते. त्यापुढचे चाळिशीपर्यंत नऊ. साठीपर्यंत तीन. आणि साठीपुढे शंभरात धड एकसुद्धा नाही.

"मथळा त्यांचा तयारच आहे," मॅडम म्हणाल्या. "‘पिढी बदलली’. मुलं धीट झाली आहेत, नाही?"

"धीट कसली, वाचाळ झाली आहेत," शंकासुर म्हणाले. "सकाळी काय खाल्लं त्याचाही फोटो टाकतात. उद्या विचारलंत तर चंद्रावरून आलो म्हणतील. अठरा हा फुगा आहे, मॅडम. खरा आकडा तो खालचा. आमच्या वेळी असलं काही नव्हतंच."

"फुगा असेल तर तो फोडा की. तपासा तरुणांचे अर्ज."

शंकासुरांनी ते आधीच तपासले होते. फोन केला की ती मुलं बेधडक पुन्हा तेच उत्तर द्यायची, वर ‘मागेच सांगितलं ना’ असं सुनावायची. सगळं जुळत होतं. तरी त्यांना ते खरं वाटत नव्हतं, आणि साठीपुढचं शून्य मात्र न तपासताच खरं वाटत होतं. जन्मभर ज्यानं कशावर म्हणून विश्वास ठेवला नाही, तो माणूस या एका शून्यावर डोळे मिटून विसंबला होता. माणसाला हवं ते उत्तर मिळालं की तो तपासणी थांबवतो. मग तो शंकासुर का असेना.

घोडं पेंड खात होतं ते एकाच वस्तीत. ही वस्ती मावशींची. तिथं साठीपुढचे शंभरात नऊ जण ‘हो’ म्हणाले होते. बाकी सगळीकडे जिना उतरत होता आणि इथं मध्येच कुणी पायरी उचलून ठेवावी तसं झालं होतं.

मावशी म्हणजे कंपनीतल्या सर्वांत जुन्या सर्वेक्षक. पन्नाशीच्या, अंगानं दणकट, तोंडानं फटकळ. पायांत जाड तळव्यांचे बूट घालून चार-चार मजले चढायच्या आणि वर पोचल्यावर धापसुद्धा टाकायच्या नाहीत. शंकासुरांचा त्यांच्यावर पहिल्यापासून डोळा होता. मावशींच्या अर्जांत ‘रोज टीव्ही किती वेळ पाहता?’ याला जो तो ‘दोन तास’ असंच उत्तर द्यायचा. सगळी वस्ती एकजात दोन तास टीव्ही बघते यावर शंकासुरांचा विश्वास नव्हता, पण हातात पुरावाही नव्हता.

"एक तर या बाई मनानं भरताहेत, नाहीतर म्हाताऱ्यांच्या तोंडात शब्द घालताहेत," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी अहवाल द्यायचाय. तुमच्या तपासणीत उत्तरं जुळली नाहीत तर बाईंना काढून टाकू आणि त्यांचे सगळे अर्ज रद्द. बघा तुम्ही."

शंकासुरांना गुदगुल्या झाल्या. दुपारपासून ते फोनवर बसले.

पहिल्या घरी सुनेनं फोन घेतला. म्हाताऱ्या माणसांच्या अर्जावर नंबर बहुतेक मुलाचा नाहीतर सुनेचा असायचा. "हो हो, त्या बाई ना?" ती म्हणाली. "आल्या होत्या. बिचाऱ्यांना आमच्याकडे चक्कर आली हो." दुसऱ्या घरी मुलगा म्हणाला, "त्या चक्कर आलेल्या बाई? आईच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या थोडा वेळ." तिसऱ्या घरीही चक्कर. शंकासुरांनी कान टवकारले. चार मजले चढून धाप न लागणाऱ्या बाईला घरोघरी चक्कर येते, आणि तीही नेमकी म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत? कुठंतरी पाणी मुरतंय. "घरातली काही वस्तू वगैरे गेली नाही ना?" त्यांनी हळूच विचारून पाहिलं. त्या घरच्यांनी घाबरून फोन चालू ठेवूनच कपाटं उघडली. काही गेलं नव्हतं.

मग ते मुख्य प्रश्नावर येत. आजींना नाहीतर आजोबांना बोलावून फोन हातात दिला जाई, प्रश्न वाचून दाखवला जाई, आणि पलीकडून उत्तर येई, "अगोबाई, नाही हो. मी कशाला असलं काही सांगेन?" शंकासुर तपासणीच्या कागदावर रकाने भराभर भरत, ‘जुळत नाही’वर खूण करत आणि पुढचा नंबर फिरवत. संध्याकाळपर्यंत मावशींची नोकरी गेल्यात जमा होती.

शेवटचा फोन एका जुन्या कारागिराच्या घरी होता. हा गृहस्थ दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवत आला होता. वस्तीत त्याला कवळीकाका म्हणत. फोन मुलानं उचलला. मागं टीव्ही लागला होता, एक पोर मोठ्यानं पाढे म्हणत होतं.

"थांबा हं, बाबांना कमी ऐकू येतं. स्पीकरवर टाकतो," मुलगा म्हणाला.

शंकासुरांनी प्रश्न वाचला, चौकटी वाचल्या. पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. पाढेही थांबले.

"नाही," कवळीकाका म्हणाले. आणि जरा वेळानं, "यांपैकी काहीच नाही."

"हा प्रश्न पुन्हा का विचारताय?" मुलानं विचारलं.

"तपासणी असते."

"सगळेच प्रश्न पुन्हा विचारता?"

"नाही. निवडक."

"मग नेमका हाच का निवडलात? आधी काय लिहिलंय त्यात?"

"ते सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे वेगळं काहीतरी लिहिलंय."

शंकासुरांनी घाईघाईनं फोन ठेवला. मुलाच्या आवाजातली ती धार त्यांना ओळखीची वाटली. ते स्वतः असंच बोलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना बोलावणं गेलं. मावशी आल्या, कुणी बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसल्या.

"चक्कर येते म्हणे तुम्हाला," शंकासुर म्हणाले.

"येते की."

"आणि ती फक्त म्हातारं माणूस असलेल्या घरातच येते?"

मावशी हसल्या. "पकडलंत तर. अहो, घरात पाऊल टाकलं की अख्खं खटलं भोवती जमतं. मुलगा, सून, नातवंडं. त्यांच्यापुढं म्हाताऱ्या माणसाला शेवटचं पान कसं विचारू? माझी जीभ नाही रेटत. मग मला चक्कर येते. म्हातारी माणसं लगेच म्हणतात, माझ्या खोलीत पड जरा. आणि घरच्यांना तेवढ्यात आपापली कामं आठवतात. आजारी बाईजवळ बसायला वेळ कुणाला असतो? त्या म्हाताऱ्यालाच असतो. मग मी पडल्यापडल्या विचारते."

"पडल्यापडल्या!"

"उताणी पडून, छताकडे बघत. आपण त्यांच्या तोंडाकडे बघत नसलो की ती बोलतात."

शंकासुरांना यातलं एक अक्षर पटलं नाही. "आणि ते टीव्हीचे दोन तास?" त्यांनी डाव टाकला.

"ते मी अंदाजानं टाकते," मावशी बिनदिक्कत म्हणाल्या. "टीव्हीचं कुणाला पडलंय?"

"म्हणजे खोटं भरता."

"टीव्हीचं भरते. हे नाही."

"एका पानावर खोटं लिहिणारी बाई दुसऱ्या पानावर खरं लिहिते, हे मी कशावरून मानू? ज्यांनी ज्यांनी तुम्हाला ‘हो’ सांगितलं म्हणता, त्या सगळ्यांनी मला काल फोनवर ‘नाही’ सांगितलंय."

मावशींचं हसू मावळलं. "फोनवर? कुणाच्या फोनवर?"

"अर्जावर असतो त्या नंबरावर. मुलांच्या, सुनांच्या."

"कवळीकाकांकडेसुद्धा केलात?"

"शेवटचा त्यांनाच केला."

मावशींनी उठून दार लावून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "समोरच्या टेबलावर एक जण होता त्यांच्या. उभा जन्म दोघं समोरासमोर बसून कवळ्या घासत होते. तो वारला त्या दिवशी काकांनी रजासुद्धा मागितली नाही. काय सांगून मागणार? दिवसभर काम केलं आणि घरी गेले. हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही, बायको होती तेव्हा तिलाही नाही. मला सांगितलं, मी छताकडे बघत होते म्हणून. आणि तुम्ही तेच त्यांना मुलाच्या फोनवरून विचारलंत?"

त्यांनी टेबलावरचा तपासणीचा कागद ओढून घेतला आणि बोट ठेवत खाली आल्या. एका रकान्यावर बोट थांबलं. "हे काय? ‘प्रश्न विचारताना आणखी कोण हजर होतं?’ तुम्ही लिहिलंय, ‘कोणी नाही’."

शंकासुरांनी कागद बघितला. अक्षर त्यांचंच होतं. मुलगा होता, स्पीकर चालू होता, पाढे म्हणणारं पोर होतं, टीव्हीचा आवाज कमी करणारं आणखी कुणीतरी होतं. आणि त्यांनी लिहिलं होतं, कोणी नाही. का, तर त्या रकान्यात हेच लिहायचं असतं म्हणून.

ते उठले आणि इतर वस्त्यांचे अर्ज काढून बघू लागले. कोणी नाही. कोणी नाही. खालीही कोणी नाही. कंपनीतला प्रत्येक माणूस वर्षानुवर्षं तेच लिहीत आला होता आणि शंकासुरांनी त्या रकान्यावरून कधी नजरसुद्धा फिरवली नव्हती, कारण तो नेहमी जुळायचा. भरल्या घरांतून हिंडून आलेल्या या कागदांवर एकाही घरात माणूस नव्हतं. टीव्हीच्या दोन तासांचा वास येणाऱ्या नाकाला याचा वास आला नव्हता.  ते शून्य, ज्याच्यावर ते इतके विसंबले होते, ते म्हाताऱ्यांचं नव्हतंच. ते त्यांच्याभोवती बसलेल्या खटल्याचं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. कवळीकाकांचा मुलगा बोलत होता. दुपारी बाबांना घेऊन येतोय, आधीचा अर्ज मला बघायचाय, नाही दाखवलात तर वर्तमानपत्राकडे जाईन, असं सांगून त्यानं फोन ठेवला.

मॅडमना यात अवघड असं काहीच दिसलं नाही. "सांगून टाकू की बाईंनी अर्ज खोटा भरला होता, त्यांना आम्ही काढलं, माफ करा. तुमच्या तपासणीतही तेच निघालंय."

"ते खोटं आहे, मॅडम. बाईंचे ते अर्ज खरे आहेत."

"मग मुलाला तसं सांगा."

शंकासुर आपल्या टेबलावर परत आले. तसं सांगितलं तर म्हातारा उघडा पडत होता. नाही सांगितलं तर मावशींची भाकरी जात होती, आणि त्यांच्याबरोबर वस्तीतल्या त्या सगळ्यांचं उत्तर कचऱ्यात जात होतं, ज्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाजवळ तोंड उघडलं होतं. आणि हे सगळं झालं होतं त्यांच्या एका फोनमुळं. जेवणाचा डबा त्यांनी न उघडताच बाजूला सारला.

मावशींनी त्यांना बाहेरच्या बोळात गाठलं. "मला काढा," त्या म्हणाल्या. "पण काकांचं बाहेर येता कामा नये."

"आणि तुमचं घर?"

"बघू. दुसऱ्या कंपनीत चक्कर येईल."

दुपारी ते दोघं आले. मुलगा भांडखोर असेल अशी शंकासुरांची अटकळ होती. तो निघाला थकलेला, मऊ बोलणारा माणूस. कवळीकाका हडकुळे, गुळगुळीत दाढी केलेले, स्वतःचे सगळे दात शाबूत असलेले. ते खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. मावशी दारापाशी उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मला भांडायचं नाहीये," मुलगा म्हणाला. "पण कालपासून घरात कुणी कुणाशी धड बोललेलं नाही. बायको म्हणते सोडून द्या. मला नाही सोडवत. बाबांनी आधी काय सांगितलं होतं, एवढंच मला कळू दे."

"अरे, सांगितलं ना मी तुला," कवळीकाका म्हणाले.

"मग यांनी पुन्हा का विचारलं, बाबा?"

 कवळीकाकांचे हात गुडघ्यांवर होते आणि बोटं आपसूक काहीतरी घासत होती.

"त्याचं असं आहे," मॅडमनी सुरुवात केली, "आमच्या या बाईंनी..."

"हो, मीच..." दारातून मावशी म्हणाल्या.

"चूक माझी आहे," शंकासुर म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते, आणि उभे कधी राहिलो हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. "माझ्या टेबलावर दोन अर्ज मिसळले. हा प्रश्न ज्या घरी पुन्हा विचारायचा होता ते घर वेगळंच. तुमच्या वडिलांच्या अर्जावर पहिल्यापासून ‘यांपैकी काहीच नाही’ असंच आहे. या बाईंचं काम चोख आहे. पंखा चालू होता, कागद उडाले, मी गोळा करताना वरचा खाली गेला..."

खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त तपशील देतो, हे नव्या तपासनीसांना शिकवणारे हेच. आता त्यांच्या तोंडून पंखा निघाला, उडालेले कागद निघाले, आणखी काय काय निघालं असतं कोण जाणे.

"अर्ज दाखवा," मुलगा म्हणाला.

"दाखवता येत नाही. कुणाचाच दाखवत नाही. पण मी लिहून देतो." त्यांनी कंपनीच्या कागदावर लिहिलं, की तपासनीसाच्या हलगर्जीमुळं चुकीच्या घरी फोन गेला, याबद्दल दिलगीर आहे. खाली सही केली, तारीख घातली. जन्मात त्यांनी आपल्या नावापुढं ‘चूक’ हा शब्द लिहिला नव्हता. 

मुलानं कागद दोनदा वाचला. मग त्याच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं झालं आणि तो चक्क हसला. "अहो, काय हे! असल्या कामावर पेपरात आकडे छापून आणता तुम्ही? माझा कालपासून जीव टांगणीला. बघितलंत ना बाबा, काही नव्हतंच. मी म्हणतच होतो, आपल्यात कुठून येणार असलं काही."

कवळीकाकाही हसले. मुलापेक्षा थोडे कमी, थोडे उशिरा.

मुलगा गाडी काढायला खाली गेला. मॅडमनी शंकासुरांना आतल्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. "सहीनिशी चूक कबूल केलीत. आता तुमची वर्षभराची तपासणी मला दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी लागेल, कळतंय ना? बाईंना आता मी काढू शकत नाही. पण त्या काकांचा अर्ज बदला. मुलाला लिहून दिलंय तेच त्यावर असलं पाहिजे."

"बदलतो. पण मॅडम, साठीपुढचा आकडा तसाच छापू नका. खाली लिहा, की हे घरच्यांच्या देखत विचारलेलं आहे."

"असल्या बारीक टिपा कोण वाचतं?"

"मी वाचतो."

"बघू," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ ऑफिसात सगळ्यांना माहीत होता.

शंकासुरांनी अर्ज काढला. शेवटच्या पानावर, पहिल्या चौकटीत, मावशींच्या हातची जाड खूण होती. ती त्यांनी खोडली आणि शेवटच्या चौकटीत नवी केली. हे करताना त्यांना मनापासून वाटत होतं, की आपण या म्हाताऱ्याचं भलं करतोय. आणि करतही होते. म्हणूनच त्यांना जास्त वाईट वाटलं. असंच कुणी आईचं भलं केलं असेल, कुणी काकाचं, कुणी स्वतःचं. प्रत्येकानं मायेनं एकेक खूण पुसली असेल, आणि मग ते शून्य तयार झालं असेल, ज्याच्या जोरावर आपण म्हणालो, आमच्या वेळी असलं काही नव्हतंच.

बाहेरच्या खोलीत बाकावर कवळीकाका एकटेच बसले होते. शंकासुर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. 

"काल फोनवर तुम्हीच होतात?" काकांनी विचारलं.

"हो. माफ करा मला, काका."

"अर्जाचं काय केलंत?"

"बदलला. आता तिथं ‘काहीच नाही’ आहे."

"बरं केलंत." काकांनी मान हलवली. मग बराच वेळ ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. शंकासुरही भिंतीकडेच बघत होते. "एक विचारू का? त्या बाईंना विचारणार होतो, तेवढ्यात सून पाणी घेऊन आली. आमच्या वयाचे, म्हणजे माझ्यासारखे, किती निघाले हो?"

हा आकडा शंकासुरांना तोंडपाठ होता. शंभरात धड एक नाही. आणि त्यातलाही एक त्यांनी आत्ताच आपल्या हातानं कमी केला होता. ज्या आकड्याची आपल्याला खात्री नाही तो दुसऱ्याला सांगायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

"नक्की आकडा मला माहीत नाही, काका," ते म्हणाले. "पण आम्ही मोजले त्याहून पुष्कळ जास्त आहेत."

"लांब लांब असतील."

"नाही." एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही, या नियमाचं आता काय राहिलं होतं? "तुमच्याच वस्तीत आहेत. बरेच आहेत."

कवळीकाकांची मान हळूच वळली. ऐकू कमी येणारा माणूस पुन्हा सांगा म्हणतो. ते म्हणाले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. जणू एकेक घर, एकेक दार, एकेक ओळखीचं म्हातारं तोंड ते मनातल्या मनात बघून येत होते.

दारात मुलगा आला. "चला बाबा, गाडी लावलीये खाली. काय बोलत होता?"

"काही नाही रे," कवळीकाका उठत म्हणाले. "आपल्या वस्तीतल्या लोकांची खुशाली विचारत होतो."